सासूबाईंच्या भिंतीसाठी एक देऊळ

माझं ‘कान्चे हार्डवेअर’ नावाचं दुकान आहे. खिळे, नळ, दोर, कुलपं, रंग, चुना. चानपिच गावात ज्या घराला छप्पर आहे त्या छपरातला एखादा तरी खिळा माझ्याकडचा आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. असं असूनही गेली एकोणीस वर्षं माझ्या दुकानाचं कॅलेंडर माझ्या सख्ख्या सासूबाई आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यात लावत आल्या आहेत.

आमच्याकडे डिसेंबरात प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकांना कॅलेंडर देतो. वर चित्र, खाली दुकानाचं नाव आणि त्याच्याही खाली महिन्यांच्या पानांचा छोटा गठ्ठा. देणं सोपं असतं, पण ते कुठे लागतं यावर माणसाची गावातली किंमत ठरते. बैठकीच्या खोलीत लागलं तर तुम्ही प्रतिष्ठित. स्वयंपाकघरात लागलं तर तुम्ही उपयोगी. त्याच्या पलीकडे लागलं तर आपण त्याची चौकशी करू नये. मी ती केली. न्हाव्याकडे माझं कॅलेंडर संडासाच्या दारामागे होतं. मक्याच्या गिरणीत ते भिंतीतलं भोक झाकायला लावलं होतं. आणि डोन्या बेर्नार्दिनांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, ते कोंबड्या वाचत होत्या.

बैठकीत कोणाचं होतं? ‘शेवटचा मुक्काम’ या अंत्यविधीवाल्यांचं. दर रविवारी मी सासूबाईंकडे जेवायला जातो. माझी खुर्ची नेमकी त्या भिंतीसमोर असते. म्हणजे एकोणीस वर्षं दर रविवारी मी तोंडात घास घालतो आणि समोरून एक शवपेटीवाला मला सांगतो, ‘आम्ही कोणत्याही वेळी येतो.’ अशा परिस्थितीत अन्न अंगी लागत नाही. माझं पोट दिसतं ते काळजीनं सुटलेलं आहे.

मी काय कमी प्रयत्न केले? कुत्र्याची पिल्लं छापली. धबधबा छापला. एका वर्षी बर्फाचा डोंगर छापला, तेव्हा सासूबाईंनी तो चुन्याचा ढीग समजून माझ्या धंद्याचं अभिनंदन केलं. गेल्या वर्षी पांढरा घोडा छापला. तोही खुराड्यात गेला. कोंबड्यांनी म्हणे आठ दिवस अंडी दिली नाहीत.

यंदा ऑक्टोबरात छापखान्याचा माणूस चित्रांची वही घेऊन आला. तीच पिल्लं, तोच घोडा. मी वही मिटली आणि म्हणालो, “यंदा चित्र आमचं आम्ही काढणार. आमच्या देवळाचं.”

गावापासून अर्ध्या तासावर, झाडीत, आमचं जुनं देऊळ आहे. आमच्या माया पूर्वजांनी ते बांधलं आणि मग त्यांचं काय बिनसलं कोणास ठाऊक, ते सोडून गेले. नावाजलेल्या देवळांसारखी तिथे गर्दी नसते. शिखरावरची दगडी जाळी अजून शाबूत आहे, पायऱ्या निम्म्या शाबूत आहेत, आणि राखणदार लिबोरिओ तर नऊ वाजेपर्यंत अजिबात शाबूत नसतो, कारण तो झोपलेला असतो. असं घरचं देऊळ असताना मी बर्फाचे डोंगर छापत बसलो होतो, याची मला खरोखर लाज वाटली.

माझा कोम्पाद्रे त्रान्सितो फोटोग्राफर आहे. त्याच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. या नात्यात माणसं एकमेकांकडे काहीही मागू शकतात आणि एकमेकांना काहीही ऐकवू शकतात. मी कॅमेरा मागितला.

“मीच येतो की काढायला,” तो म्हणाला.

“नको. माझ्या कॅलेंडरवर माझा फोटो.”

“तुझा फोटो? मग खुराडंसुद्धा मिळायचं नाही.”

“मी काढलेला फोटो, गाढवा!”

ही बातमी संध्याकाळपर्यंत चौकात पोचली आणि गावानं माझ्या मदतीसाठी कंबर कसली. न्हावी म्हणाला, पहाटे जा. गिरणीवाली म्हणाली, पहाटे दव असतं, दुपारी जा. पाद्रीबाबा म्हणाले, देऊळ त्या जुन्या लोकांचंच काढायचं असेल तर काढ, पण कोपऱ्यात आपलं चर्चही येऊ दे. मध्ये अर्ध्या तासाचं जंगल आहे हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं, तर म्हणाले, “मनात असलं की मावतं.” एकानं तर दगड चमकावेत म्हणून देवळावर पंपानं पाणी मारायला सांगितलं आणि पंप माझ्याकडूनच घ्यायला निघाला.

बायको नेल्मी मात्र मुद्द्याचं बोलली. “म्हाताऱ्या, तिथे कॅमेऱ्याची तिपाई लावायला सरकारची परवानगी लागते. आणि छापून वाटायचं असेल तर कागद लागतो. आधी तो आण.”

मी राजधानीतल्या कचेरीत गेलो. दुर्दैवानं सोमवारी गेलो. आता जन्मापासून युकातानात राहणाऱ्या माणसाला सोमवार म्हणजे काय हे कळायला नको? सोमवारी घरोघरी, खानावळीत, तुरुंगात, सगळीकडे काळा घेवडा आणि डुकराचं मटण शिजतं. बारा वाजता कचेरीत मुळ्याचा आणि कोथिंबिरीचा वास दरवळायला लागला. साडेबाराला माझ्यापुढे तीन माणसं होती. एक वाजता माझ्यापुढे कोणी नव्हतं, आणि खिडकीमागेही कोणी नव्हतं. मग मीही समोरच्या खानावळीत जाऊन दोन वाट्या घेवडा खाल्ला. माणसानं परिस्थितीशी जुळवून घ्यावं.

मंगळवारी पुन्हा गेलो. खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी अर्ज दिला. ‘काम करणाऱ्या माणसांची संख्या’, ‘सोबत आणायची जनावरे’, ‘धूर सोडणार का’ असे प्रश्न होते. ‘उद्देश’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘हार्डवेअरचं दुकान’ लिहिलं.

बाईंनी चष्मा खाली सरकवला. “डॉन विल्बेर्तो, हजार वर्षांच्या देवळाचा आणि तुमच्या हार्डवेअरचा संबंध काय?”

मी म्हणालो, “बाई, ते देऊळ चुन्यावर उभं आहे. चुना मी विकतो. इतका जुना माल अजून टिकलाय, याहून चांगली जाहिरात कोणती?”

बाई हसल्या. दोन शिक्के मारले. तिपाईला नकार दिला, कारण तिपाईचा अर्ज निराळा आणि तो घेणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. वर म्हणाल्या, “छापून झालं की एक आमच्याकडे पाठवा. आमच्या भिंतीवर घोडा आहे.”

तो कागद मी चार दिवस वरच्या खिशात घालून हिंडलो. रविवारी सासूबाईंच्या टेबलावर ठेवला. डोन्या बेर्नार्दिना त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे मी अजून त्यांच्या मुलीला मागायला आल्यासारखा बसतो. त्यांनी शिक्क्यांवरून बोट फिरवलं.

“हे कोणी दिलं?”

“सरकारनं.”

“सरकारचं आहे का ते देऊळ?”

“मग कोणाचं?”

“मालकांचं,” त्या म्हणाल्या. “आणि राखण अलूशांची. त्यांना विचारलंस?”

अलूश म्हणजे गुडघ्याएवढे राखणदार. शेतात असतात, जुन्या दगडांत असतात. मान दिला तर राखण करतात, नाही दिला तर खोड्या काढतात. मी शिकलेला माणूस आहे. माझा यावर विश्वास नाही, आणि मी त्यांच्याबद्दल मोठ्यानं बोलतही नाही. पण त्या दिवशी शिक्क्यांचा कैफ होता. मी हसलो.

नेल्मीनं टेबलाखालून मला लाथ मारली.

“हसतोस?” सासूबाई म्हणाल्या. “मी येते. साका करून ठेवते, चार शब्द बोलते, मग तू तुझं काय ते काढ.”

खरं तर हे बोलायचं काम गावच्या जाणत्याचं. पण तो सध्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पर्यटकांची दृष्ट काढायच्या नोकरीला आहे आणि त्याला रविवारची सुट्टी मिळत नाही.

साका म्हणजे मक्याचं पातळ पेय, रानाच्या मालकांना, म्हणजे जुन्या देवांना, नैवेद्य म्हणून दाखवायचं. मी विचार केला, म्हातारीला कशाला चुलीपुढे बसवायचं? म्हणालो, “डोन्या, साक्याचं मी बघतो. तुम्ही फक्त चला.” त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि बरं म्हणाल्या. मला वाटलं, जावयाचं कौतुक वाटलं असावं. मी गिरणीतून भाकरीचं ताजं पीठ आणलं, पाण्यात कालवलं, चवीला साखर टाकली. पाच मिनिटांत साका तयार. बायका उगीच या कामांचा बाऊ करतात, असंही मी नेल्मीला बोलून दाखवलं.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही चौघं देवळाशी होतो. मी, नेल्मी, सासूबाई आणि कोम्पाद्रे, कारण त्याला आपल्या कॅमेऱ्याची काळजी होती. लिबोरिओ हॅमकमधून उठला, माझा कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाला, “सगळं ठीक आहे.” सासूबाईंनी पायऱ्यांशी नऊ तुंब्या, म्हणजे भोपळ्याच्या वाट्या, मांडल्या, माझा साका ओतला आणि माया भाषेत बोलायला लागल्या.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेरा चालेना. कोम्पाद्रेनं तो घेतला, हलवला, त्यात फुंकर मारली. मग चालला, आणि पहिल्या फोटोत शिखराऐवजी एक घोरपड आली. ती हाकलायला मी चार पायऱ्या चढलो, तर वरच्या दारातून गांधीलमाश्या आल्या. मी उतरलो. उतरण्याची पद्धत फारशी शोभेची नव्हती. शेवटच्या पायरीवर माझी पँट मागून उसवली, आणि ती उसवल्याचा आवाज त्या शांत जागेत दोनदा घुमला. बांधणाऱ्यांना ध्वनीचं उत्तम ज्ञान होतं म्हणतात, ते खरं आहे.

“उआय!” लिबोरिओ म्हणाला आणि चार पावलं मागे सरला. “त्यांना आवडलेलं नाही.”

सासूबाई उठल्या. एका तुंबीत त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं.

“यात चुना आहे.”

“पिठात चुना असतोच,” मी म्हणालो. “मका चुन्यात उकडल्याशिवाय भाकरीचं पीठ होतं का?”

“भाकरीचं!” त्यांनी कपाळावर हात मारला. “चुन्याचं माणसांसाठी, जावई. मालकांसाठी मका नुसत्या पाण्यात शिजवायचा असतो. हे दुधपितं पोरसुद्धा सांगेल. त्यांना तू गिरणीतलं पीठ कालवून दिलंस? आणि साखर घालून?”

नेल्मी झाडाकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. कोम्पाद्रे उघड उघड हसत होता. कॅमेरा बंद पडला त्याचं खरं कारण मी सांगतो. आदल्या दिवशीच्या बाप्तिस्म्यात तो प्यायला आणि बॅटरी भरायला विसरला. हे मी तिथेच सांगितलं. उसवलेली पँट हातानं धरून बोलणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

सोमवारी दुकान उघडलं तर आठवड्याचं गिऱ्हाईक एका सकाळी आलं. “डॉन विल्बेर्तो, चुना आहे का, की सगळा देवळात पाजलात?” “डॉन विल्बेर्तो, साखर विकायला लागलात म्हणे.” गिरणीवालीनं पिठाच्या गोळ्याबरोबर चिठ्ठी पाठवली: ‘हे माणसांनी खायचं आहे.’ चुना विकण्यात माझा जन्म गेला आणि चुना कुठे चालत नाही एवढंच मला ठाऊक नव्हतं. मला फार लागलं ते. त्या रात्री मी नेल्मीला म्हणालो, “जाऊ दे. पिल्लंच छापतो.”

“छाप,” ती म्हणाली. “आई मका निवडत बसलीय, तिला तूच जाऊन सांग.”

मी गेलो. डोन्या बेर्नार्दिना अंगणात मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. एकेक दाणा बघून घेत होत्या. मला बघून म्हणाल्या, “लांब उभा राहा. तुझ्या सदऱ्याला चुना आहे.” मी फाटकापाशी उभा राहिलो. त्यांची बोटं आता सरळ होत नाहीत, तरी दाणे निवडणं चाललं होतं. माझ्या कॅलेंडरसाठी. मी पिल्लांबद्दल काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी मला साक्याच्या मडक्याजवळ फिरकू दिलं नाही. पहाटे धुकं होतं. सासूबाईंनी मला देवळापासून शंभर पावलांवर उभं केलं आणि बजावलं, “माझं बोलणं पुरं होईपर्यंत बटण दाबायचं नाही. मी हात वर केला की दाब.”

तिपाई नव्हती, म्हणून नेल्मी माझ्यापुढे उभी राहिली आणि मी कॅमेरा तिच्या खांद्यावर टेकवला. “श्वास घेऊ नकोस,” मी म्हणालो. “लग्नापासून तेच करतेय,” ती म्हणाली.

सासूबाई पुढे गेल्या. एक तुंबी ठेवली, बोलल्या. दुसरी ठेवली, बोलल्या. धुकं विरळ व्हायला लागलं. मग सूर्य वर आला आणि शिखरावरच्या जाळीतून उजेड आरपार गेला. सगळं देऊळ मधासारखं झालं. मी जन्मभर ते देऊळ बघत आलोय, त्यावरून घसरलोय, त्याच्या मागे लपून पहिली सिगारेट ओढलीय. ते असं दिसतं हे मला माहीत नव्हतं. हात वर होण्याची वाट बघायला हवी होती. मी बघितली नाही. बटण दाबलं.

एकच. दुसरं दाबण्याच्या आत ढग आला. सासूबाईंनी हात वर केला तेव्हा देऊळ राखेच्या रंगाचं झालं होतं. मग पाऊस आला, आणि पावसामागून किनाऱ्यावरची एक बस आली. त्यातले चाळीस लोक छत्र्या उघडून पायऱ्यांवर उभे राहिले. “मिळाला ना?” सासूबाईंनी विचारलं. मी म्हणालो, “मिळाला.” कधी मिळाला ते सांगितलं नाही.

मग फोटो मोठा करून बघितला. पायऱ्यांशी, वाकलेल्या, पाठमोऱ्या, सासूबाई. अंगात पांढरा इपील, म्हणजे आमच्या बायकांचा सैल झगा, त्याची भरतकामाची कड, हातात तुंबी.

“एका मिनिटात पुसून टाकतो,” कोम्पाद्रे म्हणाला. “सासू पुसून मिळण्याची संधी फार थोड्यांना येते.”

मी विचारात पडलो. पुसलं तर चोरी लपत होती. पण बोटानं ती जागा झाकून बघितली, तर देऊळ नुसताच दगडांचा ढीग झालं, आमच्या दुकानामागे पडतो तसा. बोट काढलं की पुन्हा देऊळ. चार वेळा झाकून बघितलं. मग म्हणालो, “राहू दे. काय व्हायचं ते होईल.”

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गठ्ठा आला. जेवणाआधी मी पहिलं कॅलेंडर सासूबाईंच्या हातात दिलं आणि माझ्या खुर्चीत बसलो. समोरून ‘शेवटचा मुक्काम’ माझ्याकडे बघत होता. तो त्या दिवशी जरा जास्तच आशेनं बघतोय असं मला वाटलं.

त्यांनी चष्मा लावला. कॅलेंडर खिडकीशी नेलं. नेल्मीनं टेबलाखाली माझा हात धरला.

“हात वर करायच्या आधी काढलास.”

“हो, डोन्या.”

“ही कितवी तुंबी आहे माझ्या हातात?”

मी मोजून ठेवलं होतं. “पाचवी.”

“मग असू दे,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासाठी मी पहिल्याच तुंबीला परवानगी मागून घेतली होती. तुला धीर नाही, हे मला ठाऊक होतं.”

त्या पुन्हा चित्रात शिरल्या. “पाठीमागून मी आईसारखी दिसते,” त्या म्हणाल्या. मग पानांचा गठ्ठा चाळला, पुन्हा चाळला, आणि मान हलवली. “पण हे बैठकीत नाही लावता यायचं.”

“का? चित्र चांगलं नाही?”

“चित्र कोण बघतं? यात संत कुठे आहेत? कोणत्या दिवशी कोणता संत ते नाही. चंद्र नाही. पेरायचं कधी, कोणाच्या नावाचा दिवस कधी, मेणबत्ती कोणाला लावायची, कसं कळणार? तू आपलं प्रत्येक महिन्याला नळ आणि रंग छापतोस. एकोणीस वर्षं हेच. त्या मेलेल्यांच्या दुकानदाराला एवढं तरी कळतं.”

“मग तुम्ही एकदा तरी बोलायचंत!”

“तू एकदा तरी विचारायचंस. कोंबड्यांना संत लागत नाहीत, म्हणून तिकडे लावत होते.”

एकोणीस वर्षं! पिल्लं, धबधबा, बर्फ, घोडा! सासूबाई उठल्या, कपाटातून कात्री काढली आणि नव्या वर्षाचं ‘शेवटचा मुक्काम’ बाहेर काढलं. ते त्यांना नोव्हेंबरातच मिळालं होतं. तो माणूस कोणत्याही वेळी येतो. त्यांनी त्याचा पानांचा गठ्ठा वरच्या दुकानाच्या नावासकट कापून घेतला, माझे नळ आणि रंग उचकटून काढले, आणि देवळाच्या खाली ते संत आणि तो चंद्र टाचून टाकला. जुनं कॅलेंडर उतरवलं आणि त्याच खिळ्यावर हे लावलं.

आता सासूबाईंच्या बैठकीत वर देऊळ आहे. त्याखाली ‘कान्चे हार्डवेअर: पायापासून छपरापर्यंत सर्व काही.’ आणि लगेच त्याखाली ‘शेवटचा मुक्काम: आम्ही कोणत्याही वेळी येतो.’ एका भिंतीवर माणसाच्या सगळ्या गरजा भागल्या आहेत, असं कोम्पाद्रे म्हणतो.

परवाच्या रविवारी शेजारीण अंडी मागायला आली आणि भिंतीपुढे थबकली. “डोन्या बेर्ना, केवढं छान! ही पाठमोरी कोण?”

“ते सोड,” सासूबाई म्हणाल्या. “काढलाय कोणी ते विचार.” आणि माझ्याकडे हनुवटीनं खूण करून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.